संगणकाचंही एक मंडळ हवं

श्रावणातली दुपार. माझ्या संगणकाच्या दुकानापुढे पागोळ्या गळत होत्या, लाईट येऊन-जाऊन होती. वाचनालयाचे एक जुने कार्यकर्ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सीडी घेऊन आले. वीस वर्षांपूर्वी काढलेली स्मरणिका तिच्यात होती. "माका दोनच लेख परत छापूक होये," म्हणाले. सीडी चालली, फाईल उघडली, आणि पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. रोमन अक्षरं, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर छत्र्या घेतलेले स्वर. ज्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, हे टाईप झालं तो टंक आता कोणाकडे नाही. त्या काळी अशा सॉफ्टवेअरला संगणकाच्या मागे लावायची एक किल्ली असे, डोंगल. ती असेल तरच मराठी दिसायची. ज्या दुकानात टायपिंग झालं ते बंद पडलं, आणि डोंगल कुठे गेलं ते देवाला ठाऊक. मजकूर गावातल्या लोकांनी लिहिलेला, खर्च वाचनालयाचा, आणि वाचायची परवानगी मात्र त्या हरवलेल्या डोंगलकडे.

ग्रामसभेत मी हा विषय काढला तेव्हा पाणी आणि रस्ता यांच्या मधे मला जेमतेम तीन मिनिटं मिळाली. तिथे जे मावलं नाही ते इथे आकडे घालून लिहितो. मागणी एकच आहे: फोंडाघाटात मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं एक मंडळ असावं, जसं भजनाचं असतं.

१. आधी शब्द. 'फ्री सॉफ्टवेअर' म्हटलं की गिऱ्हाईक फुकट समजतं. ही इंग्रजीची अडचण. आपल्याकडे मुक्त आणि फुकट असे दोन वेगळे शब्द असताना ती आपण उगाच उसनी घेतो. 'मुक्त'वरही अलीकडे संक्रांत आली आहे खरी. हागणदारीमुक्त, टोलमुक्त, तंटामुक्त ऐकून ऐकून मुक्त म्हणजे एखादी गोष्ट नसणं, असं कानाला वाटायला लागलंय. केरळातल्या मंडळींनी 'स्वतंत्र' हा शब्द घेतला. त्यांच्या गटाचं नावच 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग'. मला तो जास्त आवडतो, पण तोंडात मुक्त बसलाय म्हणून तोच लिहितो. या सॉफ्टवेअरचे पैसे घ्यायला कोणाची ना नाही. मी ते बसवून देण्याचे घेतोच. "फुकट गावता म्हणजे त्यात कायतरी गोम असतलीच," असं म्हणणाऱ्या काकांना मी बिल दिलं, तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

२. आमच्याकडे छायाप्रत काढायच्या दुकानाला झेरॉक्सचं दुकान म्हणतात, म्हणून पुढची गोष्ट सांगताना मला विशेष गंमत वाटते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला. छपाई झकास, पण कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे प्रोग्रॅमर होता. आधीच्या प्रिंटरचा प्रोग्रॅम त्याने स्वतः सुधारला होता: कागद अडकला की ज्याचं काम अडलंय त्याच्या पडद्यावर निरोप जायचा, आणि तो उठून कागद काढायचा. नव्या प्रिंटरला हे करता येईना, कारण त्याचा मूळ प्रोग्रॅम कंपनीने दिलाच नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता. स्टॉलमन मागायला गेला तर उत्तर मिळालं, मी न देण्याचा करार केलाय. कागद अडकण्यावरून कोणी चळवळ काढेल असं आपल्याला वाटणार नाही. पण लग्नपत्रिकांच्या हंगामात माझ्या दुकानात अर्धा तास उभे राहा, म्हणजे त्याचा राग कळेल.

२७ सप्टेंबर १९८३ ला त्याने ग्नू हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना लिहिला. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा तयार केला आणि पुढच्या वर्षी तो याच परवान्याखाली आणला. त्यातून आजची ग्नू-लिनक्स प्रणाली उभी राहिली. तत्त्व चार स्वातंत्र्यांत मावतं: कशासाठीही वापरा, उघडून बघा आणि हवं तसं बदला, प्रत शेजाऱ्याला द्या, केलेली दुरुस्ती वाटा. (त्यांची मोजणी शून्यापासून करतात, ही संगणकवाल्यांची खोड.) जीपीएलची अट एवढीच की तुम्ही ते पुढे दिलंत तर याच हक्कांसकट द्यायचं. सामाईक विहिरीवरून पाणी न्या, त्यावर वायंगण पिकवा, भाजी विका; विहिरीला कुंपण घालू नका.

३. आता जो मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे तो, म्हणजे आपली अक्षरं. थोडी लांबण लागेल.

दुकानात रोज येणारी तक्रार: "ल असा काय आला?" मराठी माणूस शाळेत पाकळीचा ल आणि देठाचा श शिकतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हीच वळणं प्रमाण धरली. संगणकावर मात्र पुष्कळदा हिंदी वळणाचे ल आणि श येतात. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेताच्या दृष्टीने अक्षर एकच. कोणतं वळण दाखवायचं ते टंकाने आणि प्रोग्रॅमने ठरवायचं असतं. टंकात मराठी वळण घातलेलंच नसेल, आणि टंक बंदिस्त असेल, तर शासननिर्णयाची प्रत पडद्यासमोर धरूनही उपयोग नाही. टंक मुक्त असेल तर अक्षरकलेची जाण असलेलं कोणीही ते वळण त्यात घालून सगळ्यांना देऊ शकतं. 'लोहित'चं उदाहरण बघा. रेड हॅटने हा टंक २००४ मध्ये जीपीएलखाली सोडला आणि त्यातून 'लोहित मराठी' असा वेगळा टंकही निघाला. मुंबईच्या 'एक टाईप' या गटाचा 'मुक्त' टंक (नावच ते) कोणालाही वापरायला, बदलायला मोकळा आहे. या गावातली अर्धी निमंत्रणं मी त्यात करतो आणि कोणाला रुपया द्यावा लागत नाही.

एकाच हाताची दोन अक्षरं घ्या. र. कृ. जोशी हे आपले मोठे अक्षरकार. विंडोजमधला 'मंगल' हा टंक त्यांचा. कोट्यवधी लोकांनी तो वापरला, पण त्याचा परवाना कंपनीचा. त्यातली एक वेलांटी बदलून पुढे द्यायची आपल्याला मुभा नाही. याच जोशींनी सहकाऱ्यांबरोबर मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत केलेलं 'रघु' घराण्याचं वळण मात्र जीपीएलखाली बाहेर आलं. कलावंत तोच, देवनागरी तीच. परवान्याच्या कागदाने काय फरक पडतो ते मला या जोडीवरून जितकं कळलं तितकं कुठल्या व्याख्यानातून कळलं नाही.

आणि ॲ. ॲड., ॲप, ॲल्युमिनियम रोज लिहिणाऱ्या मराठीला हे अक्षर एकसंध म्हणून युनिकोडमध्ये मिळालं ते २००८ मध्ये. तोवर अ वर चंद्र चढवून भागवायचं. आजही दोन्ही रीती चालू आहेत, त्यामुळे एका रीतीने टाईप केलेलं दुसऱ्या रीतीने शोधलं की सापडत नाही. 'दऱ्या'तला अर्धा र, 'वाऱ्या'वरचा र, यांचीही अशीच रड. हे दुरुस्त कोण करणार? दिल्लीत बसलेल्या माणसाला हा र बोचत नाही. तो बोचतो तुम्हाआम्हाला, म्हणून दुरुस्तीची मुभाही आपल्या हातात असायला हवी.

४. हे सगळं खरं असलं तरी त्यासाठी मंडळ कशाला? शासनाने धोरण काढावं की. काढलंय. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त स्रोत प्रणालींना अग्रक्रम देण्याचं धोरण जाहीर केलं. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स प्रकल्पाने उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती स्वीकारली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिस, लिनक्स, पायथॉन शिकवणारे छोटे छोटे धडे चक्क मराठीत बोलून ठेवलेत. इतकं असून बाजारपेठेत दहा जणांना विचारा, दहाही जणांना ठाऊक नाही. कागद वरून खाली येतो तो पंचायत समितीपर्यंत येतो आणि तिथे दम खातो.

जिथे रुजलं तिथे माणसं एकमेकांना भेटत होती. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा 'प्लग' हा गट वर्षानुवर्षे चालला. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' नावाचा मेळा भरायचा, पोरं आपापले लॅपटॉप घेऊन यायची. मुंबईत तसाच गट होता. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. यांनी शाळांच्या अंगाने हे काम उभं केलं. केरळात तर शिक्षक संघटना आणि गावोगावचे वापरकर्ते मागे लागले, म्हणून २००१ मध्ये विंडोजवर सुरू झालेला शाळांचा आयटी कार्यक्रम २००८ पर्यंत पूर्ण मुक्त प्रणालीवर आला, दहावीच्या परीक्षेसकट. तिथल्या शिक्षकांनी स्वतः प्रशिक्षण घेतलं, शाळेतली यंत्रं स्वतः सांभाळली.

आपल्याला केरळपर्यंत जायला नको. कणकवलीजवळ गोपुरी आश्रम आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी तो १९४८ मध्ये उभारला. भंगीमुक्तीचं तत्त्वज्ञान ते सांगत होते, पण त्याच्या जोडीला स्वतः मैला उचलत होते, संडासाचे नमुने बांधून दाखवत होते. पटलेलं माणूस विसरतं. हाताने केलेलं सहसा विसरत नाही. स्टॉलमनची चार स्वातंत्र्यं फळ्यावर लिहून द्या, पोरं वहीत उतरवून घेतील आणि संपलं. बंद पडलेला संगणक एखादीने स्वतः उघडून, पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली चढवून चालू केला, तर ती चार वाक्यं तिला वेगळी समजावून द्यावी लागत नाहीत.

५. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे मंडळ नव्हे. तिथे सुप्रभात जास्त आणि दुरुस्ती कमी.

६. घाई का, तर तारीख उलटून गेली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. वाढीव मुदतीची सोय आहे, पण तीही मुदतच. विंडोज ११ ला ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षा-चिप लागते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या यंत्रांपैकी बहुतेक या अटीत बसत नाहीत. शाळा, वाचनालयं, सोसायट्या, पतपेढ्या यांच्याकडे अशी यंत्रं आहेत. ती चालतात. कीबोर्डमध्ये धूळ आहे, माउसला एक बटण नाही, पण चालतात. ती भंगारात घालायची, असुरक्षित ठेवायची, की त्यांच्यावर हलकी लिनक्स प्रणाली चढवायची, हा ग्रामपंचायतीच्या पैशाचा प्रश्न आहे आणि ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे. दर वर्षी पाऊस सरला की आपण ओहोळावर सिमेंटच्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालतो, आणि पुढच्या पावसात तो वाहून गेला तरी कोणी गळा काढत नाही, कारण घालायचं कसं ते गावाला येतं. संगणकाबाबतही गावाला तेवढंच यायला हवंय.

७. आक्षेप. हे लपवून मंडळ काढलं तर ते गणपतीपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

"बंद पडला तर मी खंय जाव?" हा पहिला, आणि रास्त. आज तुम्ही माझ्याकडे येता. मी नसलो तर कणकवली. एकट्या दुकानदारावर अवलंबून राहणं हेसुद्धा एक प्रकारचं डोंगलच, हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध असलं तरी सांगतो. पाच जणांना काम येत असेल तर मी आजारी पडू शकतो.

"पोरांना परीक्षेत विंडोज असतं." खरं आहे. एमएस-सीआयटी किंवा तिच्या तोडीची परीक्षा दिल्याशिवाय सरकारी नोकरीत पुढे सरकत नाही. (त्यातलं एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट. मायक्रोसॉफ्ट समजणारे मला आठवड्याला दोन भेटतात, आणि त्यांचा गैरसमज अगदीच निराधार म्हणवत नाही.) पण लिबरऑफिसमध्ये पत्र लिहायला शिकलेली मुलगी दुसऱ्या ऑफिसात अडत नाही. बटणं इकडची तिकडे असतात, इतकंच.

"हिशेबाचं सॉफ्टवेअर चालत नाही." काही चालत नाहीत. डिजिटल सहीचे टोकन, काही सरकारी अर्जांची जोडणी, जुने प्रिंटर-स्कॅनर इथे अजून डोकेदुखी आहे. माझ्या स्वतःच्या दुकानात तीन यंत्रांपैकी एक विंडोजवर आहे, आणि ते कोणी दाखवून द्यायच्या आधी मीच दाखवतो.

"क्रॅक आहे की, मग कशाला एवढा खटाटोप?" हा आक्षेप कोणी उभं राहून घेत नाही, सगळ्यांच्या मनात असतो. मीही वर्षानुवर्षं चोरट्या प्रती घालून दिल्या. लोकांना परवडत नाही म्हणून, असं स्वतःला सांगत असे. त्यात उपकाराची भावनाही होती, हे आठवलं की कानकोंडं व्हायला होतं. क्रॅकबरोबर व्हायरस येतो हे तर झालंच. पण चोरटी प्रत वापरणारा माणूस तक्रार कोणाकडे करणार? त्याने हक्क मागायचा हक्कच घालवलेला असतो.

आणि तुम्ही मुक्त सॉफ्टवेअर वापरत नाही असं समजू नका. खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे, फक्त वरून कुलूप घातलंय. डबलबारी भजनाचं चित्रीकरण ज्यात बघता, ते केशरी शंकूचं व्हीएलसी पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलं. डबलबारीतले बुवा एकमेकांच्या चाली उचलतात आणि त्यात आपली भर घालतात. ते बंद केलं असतं तर किती बाऱ्या झाल्या असत्या?

८. मंडळाने पहिल्या वर्षी काय करावं? यादी करत नाही, एकच काम सांगतो: नकाशा. फोनवर 'फोंडा' शोधलं की पुष्कळदा गोव्याचं फोंडा पुढे येतं. फोंडाघाट सापडलं तरी वाड्या धड सापडत नाहीत. पाणंदी नाहीत, व्हाळ नाहीत, साकव नाहीत. साकव म्हणजे काय हे नकाशा करणाऱ्या दूरच्या कंपनीला कळणार तरी कसं? पावसात कोणता साकव पाण्याखाली जातो, कुठून वळसा घालून हमरस्त्याला यायचं, घाटात दरड आली की गाडी कुठे थांबवायची, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते भरायला हवं. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात हे कोणालाही भरता येतं, मराठी नावांसकट. भरलेला नकाशा फोनवर उतरवून ठेवला की टॉवर गेल्यावरही चालतो, आणि आपल्याकडे लाईट गेली की पाठोपाठ टॉवर जातो हे मी सांगायला नको. कॉलेजातली पाच मुलं, दोन पोस्टमन, एक शिर्डी-पंढरपूरची भाडी मारणारा ड्रायव्हर एवढे बसले तर दिवाळीच्या सुट्टीत गावाचा निम्मा नकाशा होईल. देवगड-निपाणी रस्त्याने रोज इतक्या गाड्या आंबे आणि मासळी घेऊन घाट चढतात. त्यांनाही तो उपयोगी पडेल, आणि त्यांच्याकडून एक पैसा मागायचा नाही.

मालवणी आवाजाचं काम दुसऱ्या वर्षी. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस उपक्रमात मराठी वाक्यं आपल्या आवाजात वाचून देता येतात, आणि तो साठा सगळ्यांना खुला असतो. फोनशी बोलायचं म्हणजे पुणेरी हेल काढायचा, हे आमच्या आज्यांना जमणार नाही.

९. नियम थोडे. अध्यक्ष नको, अध्यक्ष आला की हार येतो, हार आला की फोटो येतो. कोणत्याही कंपनीचा वा पक्षाचा बॅनर नको. वर्गणी चहापुरती. मुलींना रात्री येता येत नाही म्हणून बैठक दिवसा. शिकवणाऱ्याने माउस हातात घ्यायचा नाही, शिकणाऱ्याच्या हातात ठेवायचा. हा नियम मला स्वतःला सगळ्यात जड जातो.

१०. स्मरणिकेचं काय झालं ते राहिलंच. दुकानात प्रोजेक्ट छापायला येणाऱ्या एका कॉलेजकन्यकेने ते मनावर घेतलं. जुन्या टंकाची एक छापील तक्ता-पट्टी माझ्याकडे होती, कोणत्या कळीवर कोणतं अक्षर त्याची. तिने पायथॉनमध्ये पन्नास-साठ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या फटक्यात अक्षरं मराठी झाली, पण 'किती'चं 'िकती' झालं आणि 'सूर्य'मधला रफार एक घर पुढे जाऊन बसला. जुन्या टंकात ह्रस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाईप करत. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. दोन दिवस ती वेलांट्या आणि रफार सरकवत बसली. मी चहा देत होतो. ऱ्या अजून चार ठिकाणी चुकतो.

वाचनालयाच्या कार्यकर्त्यांना त्यांचे दोन लेख मिळाले. तिने प्रोग्रॅम आपल्यापाशी न ठेवता जीपीएलखाली मोकळा केला; आता तो माझ्या दुकानातल्या पेन ड्राइव्हवर आहे, ज्याला हवा त्याने न्यावा, आणि ऱ्या दुरुस्त झाला तर आम्हाला कळवावं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला, दुकान मी उघडं ठेवतो. येताना घरातल्या कपाटातली जुनी सीडी, पेन ड्राइव्ह, फ्लॉपीसुद्धा आणा. फ्लॉपी वाचायचं यंत्र एकच आहे आणि ते कधीकधी फटका मारल्यावर चालतं.